पिवळं कवच

मी तशी चिडकी बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटायला नको. पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं कॅप्सूल बघते. बघते म्हणजे नुसती बघतेच. पट्टा सरकत असतो, खालून पांढरा उजेड येत असतो आणि भरलेल्या कॅप्सूल लोळत लोळत पुढे येतात. चेपलेली, तडकलेली, टोपी तिरकी बसलेली, ठिपका पडलेली, रंगाने जरा उतरलेली दिसली की उचलायची आणि नापासांच्या डब्यात टाकायची. बांगड्या, कानातलं, टिकली सगळं लॉकरमध्ये ठेवून, केस नि तोंड झाकून आठ तास हेच. डोळ्यात तेल घालून बघणं म्हणतात ना, ते मी पगारावर करते.

गावात मात्र माझी फुकटची कीर्ती. लाटंबार्से गावात कंपनीची बस थांबली की कोणीतरी वाटेत गाठणारच. "गो, तू औषधाच्या कारखान्यात असतंस, माझ्या गुडघ्याक काय घेव?" मी सांगायची, मी वैद्य नव्हे, मी कॅप्सूल बघते. ते हसायचे, कारण त्यांना तो विनय वाटायचा. विनय माझ्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हता. मला खरंच काही ठाऊक नव्हतं. आतली भुकटी म्हणजे औषध आणि बाहेरचं ते वेष्टन, एवढं माझं शास्त्र. पेढे खाताना कोण खोक्याची चौकशी करतं? फरक एवढाच की हे खोकं आपण गिळतो, आणि तो फरक अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई दोडामार्गाकडची, लग्न होऊन इकडे आली, पण बोली तिनं तिकडचीच ठेवली आणि बोलणंही ठेवलं. काजूच्या बागायतीत बिया गोळा करतानासुद्धा तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. शेजारच्या बायका नसल्या तर झाडाशी बोलायची. मी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी दिवसभराच्या बातम्या सुरू. मी वैतागून म्हणायची, "जरा श्वास घे गो." तशी ती म्हणायची, "श्वास घेऊन काय करू, बोलूचा ऱ्हवता."

ती आई एका सकाळी दात घासता घासता मोरीतच मट्‌कन खाली बसली. उजव्या गालात कळ आली होती. कळ म्हणजे साधी नव्हे. "वीज पडता," एवढंच ती नंतर म्हणाली, आणि तेवढं म्हणतानाही पुन्हा एक पडली. दाढ असेल म्हणून आम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला दाढ चांगली आहे, तर हिनं खुणेनं हट्ट धरला की काढच. दाढ गेली, कळ राहिली. मग कळलं की हा दाताचा नव्हे, चेहऱ्याच्या नसेचा आजार. पंख्याचा वारा लागला तरी कळ, घास चावला तरी कळ, बोललं तरी कळ. ती पदरानं गाल झाकून जनेलापासून, म्हणजे खिडकीपासून लांब, कोपऱ्यात बसायला लागली. पेज पातळ करून चमच्यानं डाव्या बाजूनं घ्यायची. आणि घरात आवाज नाही. मी दारातून आत यायची तर शांतता. आयुष्यभर जिला "जरा गप्प बस" म्हटलं, तिच्या गप्प बसण्यानं मला रडू यायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते.

पहिलं औषध तिला सोसलं नाही. तोल जायला लागला, एकदा विहिरीकडे पडली, रक्तातलं मीठ उतरलं म्हणून ते बंद केलं. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या नसांच्या डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. तिथल्याच दुकानातून मी पाकीट घेतलं. आठव्या दिवशी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला आणि आई उठून स्वतः दारात गेली. उंडो घेतला. आमच्याकडचा उंडो म्हणजे वरून कडक पाव, चावायला नुसता कटकट वाजतो. चहात न बुडवता तिनं तो उजव्या दाढांनी खाल्ला, जिथे दाढ नव्हती तिथे हिरडीनं. मी मोरीच्या दारात उभी राहून बघत होते. खाऊन झाल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली ती मी बसला उशीर झाला म्हणून पळत सुटेपर्यंत. त्या दिवशी पट्ट्यासमोर बसून मी समोरून जाणाऱ्या प्रत्येक कॅप्सूलला मनात हात जोडले. माझ्या बाजूला बसणारी म्हणाली, आज काय झालंय हिला, चिडत नाही.

पाकीट संपलं. दुसरं मी साखळीच्या दुकानातून घेतलं. तेच औषध, तेवढीच ताकद, कंपनी दुसरी. दुकानदारानं विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, न चालायला काय झालं, आत तेच. मी म्हटलं हे. औषधाच्या कारखान्यातली बाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. घरी पोचले तर आईच्या अंगावर बोटाएवढाल्या गांधी उठलेल्या, ओठ सुजून फुगलेले, श्वास शिट्टीसारखा. रिक्षात घालून साखळीच्या दवाखान्यात नेली. इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं श्वास मोकळा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर औषधाचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या. हे औषध हिला पुन्हा नाही. बरोबरच होतं त्यांचं, अशा वेळी दुसरं काय सांगणार?

गांधी दोन दिवसांत गेल्या. आणि चौथ्या दिवशी वीज परत आली.

मोठ्या हॉस्पिटलात आता एकच उपाय राहिला, असं कळलं. सुई आत घालून ती नसच बधिर करायची. गाल कायमचा बधिर राहण्याची शक्यता, तेही सांगितलं. आईनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. तिनं पाटीवर लिहिलं नाही, तिला लिहिता येत नाही. माझ्या मनगटाला धरून तिनं फक्त देवळाच्या दिशेनं बोट दाखवलं.

आमच्याकडे अडल्या गोष्टीत देवाला पाकळी लावून विचारतात. पुजारी फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घर, जमीन, विहीर, सगळं असं विचारून होतं. माझा विश्वास आहे की नाही हे मला कोणी विचारू नये. मला त्या दिवशी राग आला होता. ओठ सुजून मरता मरता वाचलेल्या बाईसाठी देवाला औषध विचारायचं? पण तिचं बोट खाली येईना, म्हणून गेले. तिला नेली नाही, वाटेत वारा होता.

पुजारी म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी पाकळ्या लावल्या. मी प्रश्न दिला, "ह्या औषध माझ्या आयेक लागता काय नाय?" त्यांनी तो गाऱ्हाण्यात घालून देवापुढे ठेवला. पाकळ्या पडेनात. बाहेर एक कुत्रं येऊन बसलं, उठून गेलं. माझी बस चुकणार हे नक्की झालं. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या, उजवी आणि डावी, एकाच वेळी.

मी मनात म्हटलं, झालं. देवालाही ठाऊक नाही.

पुजाऱ्यांनी मात्र पाकळ्या उचलून ताम्हणात ठेवल्या आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाय, तू दोन प्रश्न एकात बांधून आणलंस. देवाक एका वेळाक एकच विचारूचा."

"माझो प्रश्न एकच आसा," मी म्हटलं, जरा फणकाऱ्यानंच.

"तसा सगळ्यांकाच वाटता," ते म्हणाले. मग मांडी घालून खाली बसले. "ह्या स्थळाक मुलगी देऊ काय, म्हणून माणूस येता. त्येच्या पोटात स्थळ येगळा, घर येगळा, सासू येगळी. मी आधी सोडवून घेतंय. पाकळी लावूक दोन मिनिटां लागतत. प्रश्न सोडवूक कधी कधी सकाळ जाता. आता सांग, औषध म्हणजे काय काय? आत काय, भायर काय, कशाबरोबर घेता? सगळा फोड."

मी त्यांना तुच्छतेनं सांगायला सुरुवात केली. की कॅप्सूल असते, तिच्या आत भुकटी असते, ती म्हणजे औषध. बाहेर एक कवच असतं, त्याची एक टोपी, एक...

आणि मी थांबले. कवच आई गिळत होती. पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. भुकटी दोन्हींत तीच होती. कवच कशावरून तेच होतं?

दुसरी पाकळी लावून घ्यायला मी थांबलेच नाही. पुजाऱ्यांना नीट नमस्कारही केला की नाही आठवत नाही. चढणीवरून घरी पळत आले आणि आईला विचारलं, "पयल्या कॅप्सूलांचो रंग कसलो होतो?"

दोन्ही पाकिटं जाड अॅल्युमिनियमची, आतला माल बाहेरून दिसत नाही. मी आणून दिली, तिनं दाबून काढून खाल्ली. रंग जगात फक्त तिनं बघितला होता. तिनं पदराआडून, शब्दाशब्दाला थांबत सांगितलं, "पयली पांढरी. दुसरी पिवळी. माका वाटला, डॉक्टरान जोर वाढवल्यान. मी खूश झालंय."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तू विचारलंस खंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पट्ट्यावर रंगात केसाएवढा फरक पडला तर हात आपोआप पुढे जाणारी मी, आणि माझ्या घरात पांढऱ्याचं पिवळं झालं ते मला ठाऊक नाही. मला स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

आई काहीही टाकत नाही, म्हणून जुनं रिकामं पाकीट डब्यात सापडलं. बारीक अक्षरं होती. पांढऱ्यावर लिहिलं होतं की कवचात टायटॅनियम डायऑक्साइड हा रंग आहे. पिवळ्यावर एवढंच, की कवचात मान्यताप्राप्त रंग वापरले आहेत. कुठले, ते नाही. ही ओळ मी कारखान्यात हजार वेळा वाचली असेन. सत्यनारायणाच्या पोथीतल्या फलश्रुतीसारखी, ऐकायची आणि उठायचं.

आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक मोठ्या मॅडम आहेत, पेडण्याच्याच, निवृत्तीला थोडे महिने राहिलेल्या. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी गुड मॉर्निंगपलीकडे बोलले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं आणि पाकीट दाखवलं. त्यांनी आधी माझा हात खाली दाबला. "बाहेरचं औषध आत आणलंस? माझी जाता जाता नोकरी घालवतेस काय गो? रविवारी घरी ये."

रविवारी गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात मेजावर त्यांनी दोन वाट्या, एक खडू आणि मिठाची बरणी मांडून ठेवली होती. पिवळी कॅप्सूल उघडून भुकटी कागदावर बाजूला काढली. रिकामी टोपी आणि अंग माझ्या तळहातावर ठेवलं. "वजन लागतं काय?" लागत नव्हतं. फुंकर मारली असती तर उडालं असतं.

मग त्यांनी मला ते काय आहे ते सांगितलं, आणि मी, जिला कोणाचं दोन मिनिटं ऐकून घ्यायचा धीर नाही ती, चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले. जनावरांची हाडं नि कातडी उकळून चिकट रस काढतात, त्याचं हे कवच. सोमवारी माशाचा वाससुद्धा नको म्हणणारी मी, आठवड्याचे सहा दिवस ह्या रसात हात घालून बसलेली. स्टीलच्या गुळगुळीत पिना रांगेनं त्या कोमट रसात बुडवतात, वर काढतात, रस सगळीकडे सारखा बसावा म्हणून फिरवत ठेवतात, वाळला की ओढून काढतात. एका रांगेत टोप्या, दुसऱ्या रांगेत अंगं. नखापेक्षाही पातळ कवच, पण कुठे जाड कुठे विरळ नाही. त्या कवचात पाणीसुद्धा असतं. पाणी कमी झालं की ते तडकतं, जास्त झालं की मऊ पडून चिकटतं. "म्हणून आपल्याकडे एसी," मॅडम म्हणाल्या. मला अकरा वर्षं वाटत होतं की एसी आम्हाला उकडू नये म्हणून आहे.

कवचाला बुरशी येऊ नये म्हणून एक गोष्ट घालतात. उजेड आत जाऊन औषध बिघडू नये म्हणून पांढरी भुकटी घालतात, भिंतीच्या रंगात असते तीच, पण खाण्यासाठी शुद्ध केलेली. आणि रंग. वेगवेगळी औषधं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, म्हाताऱ्या माणसांना ओळखता यावीत म्हणून, आणि छान दिसावीत म्हणूनही. "तपकिरी-तांबड्या कॅप्सूल बघतेस ना? त्यात लोखंडाचा गंज असतो. तुमच्या डिचोलीतल्या खाणीतला तांबडा तोच, फक्त कारखान्यात स्वच्छ बनवलेला." बाबांचे खाणीवरचे कपडे आई ओढ्यावर नेऊन आपटायची आणि तांबडं पाणी वाहत जायचं, तरी ते कधी पांढरे झाले नाहीत. तोच तांबडा कोणीतरी इतका निवळला की आजारी माणसाच्या पोटात घालता यावा. माझं तोंड बंद व्हायला एवढं मोठं कारण लागतं.

मॅडमनी कवच वाटीत टाकून त्यावर चमचाभर गरम पाणी ओतलं. टोपी आधी मऊ पडली, मग आक्रसली, मग दिसेनाशी झाली. पाणी झेंडूसारखं पिवळं झालं आणि तळाला पांढरा गाळ बसला. त्यांनी चिमूटभर मीठ टाकून खडू त्यात उभा केला. पाणी खडूतून वर चढायला लागलं. एक रंग वर चढत होता. थोडा वर गेल्यावर तो फुटला. खाली राहिला नारिंगी पट्टा, आणि त्याला मागे टाकून लिंबासारखा पिवळा पुढे गेला. मधे खडूचा पांढरा भाग मोकळा.

"दोन आहेत," मॅडम म्हणाल्या.

मी खडूकडे बघत राहिले. माझा धंदा डोळ्यांचा. हे पिवळं पट्ट्यावरून गेलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की हा एक रंग. आणि तो दोन होता. पांढरा उजेड, अकरा वर्षांची नजर, कशालाच जे दिसलं नसतं ते पाच पैशांच्या खडूनं दाखवलं. आणि त्याहून मोठं आश्चर्य ह्याचं वाटलं, की आईच्या अंगानं ते खडूच्या आधी ओळखलं होतं. एका कवचात रंग किती असणार? मिठाच्या दाण्याएवढाही नाही. तेवढ्या रंगासाठी तिचं सगळं शरीर उठून उभं राहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईच्या कातडीनं पाकिटावर न लिहिलेली ओळ वाचली होती.

"थांब," मॅडम म्हणाल्या. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. "ह्यात रंग दोन आहेत एवढंच खडूनं सांगितलं. ते आईला बाधले हे नाही सांगितलं. हे रंग विषारी नाहीत, लाखो माणसं खातात. आणि घरी जाऊन पांढरी कॅप्सूल देऊन बघशील तर माझ्याइतकी वाईट कोणी नाही. डॉक्टरकडे जा."

मी गेले. आई बरोबर, गालाला शाल गुंडाळून. नसांच्या डॉक्टरांसमोर मी दोन पाकिटं ठेवली आणि रुमालात बांधलेला खडू ठेवला. रांगेत बसून मी त्यांच्याशी भांडायची सगळी तयारी केली होती. ते हसतील, मग मी असं म्हणेन, मग तसं. ते हसले नाहीत. खडू त्यांनी उजेडात धरला, दोन्ही पाकिटं वाचली आणि आईकडे वळले. "आजी, कुठल्या खाण्यानं पूर्वी कधी पित्त उठलंय?"

आईनं दोन बोटं गोल करून दाखवली. लाडू. मला आठवलं. लग्नातला बुंदीचा लाडू ती कधी खात नाही, अंगावर पित्त उठतं म्हणते. घरातले आम्ही सगळे तेलाला दोष द्यायचो.

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, रंगानं असं होऊ शकतं, पण नक्की सांगता येत नाही. बघायचं तर वॉर्डात एक दिवस ठेवून, इंजेक्शन हाताशी घेऊन, पांढरी कॅप्सूल, कमी ताकदीची. गांध उठली तर औषधच बाधतं असं ठरेल आणि तो रस्ता कायमचा बंद. मग सुई. त्यांनी आईला विचारलं, "पत्करायचा धोका?" आईनं माझ्याकडे न बघता हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, कळ सोसून.

सकाळी दहाला तिनं ती गिळली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. त्या हाताकडे मी जसं बघत बसले तसं आयुष्यात कशाकडेच बघितलं नव्हतं, पट्ट्याकडेसुद्धा नाही. तिथे एक चुकली तर पुढे दुसरी येते. काजूच्या डिंकाचे जुने डाग, विळ्याचा एक व्रण, उन्हानं रापलेली कातडी, आत संथ चाललेली निळी शीर. हात एवढा गुंतागुंतीचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. साडेअकराला कोपराजवळ एक लाल फुगवटा दिसला. मी उठून नर्सला हाताला धरूनच आणलं. तिनं बघितलं, बोटानं दाबलं, माझ्याकडे बघितलं. "मच्छर," ती म्हणाली.

दुपार झाली. चार वाजले. डॉक्टर दोनदा येऊन गेले. आईचा हात तिचाच राहिला, आणखी काही त्यावर उगवलं नाही. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. नव्या कागदावर डॉक्टरांनी औषधाच्या नावापुढे ठळक लिहिलं, पांढऱ्या कवचातलंच. आणि खाली, पिवळे-नारिंगी कृत्रिम रंग वर्ज्य.

डोस हळूहळू वाढवत नेला. पाचव्या दिवशी वीज कमी पडायला लागली. मग दिवसातून एकदा. मग एक अख्खा दिवस कोरडा गेला, पण आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. शाल अजून गालावरच होती.

एका रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. आई बाहेर सोप्यावर बसली होती, शाल मांडीवर घडी करून ठेवलेली. "हयसर ये," ती म्हणाली. मी गेले. "हात दी."

तिनं माझा हात धरून आपल्या उजव्या गालावर ठेवला. मी काढून घ्यायला गेले, तर तिनं मनगट घट्ट पकडलं.

"दुखात तुका," मी म्हटलं.

"दाब म्हणतंय."

मी दाबला. आधी भीत भीत, मग पुरा तळवा. तिचा गाल ऊन होता आणि बराच बसला होता, हाड लागत होतं. तिनं डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले तेव्हा मला वाटलं कळ आली, पण ती रडत होती. "कितके दिवस झाले," ती म्हणाली, "ह्या बाजूक कोणाचो हात लागलो नाय. माका वाटला, आता मेल्यावरच न्हाणवतले तेव्हा लागात."

हात मी तिथेच ठेवला, ती स्वतः काढून घेईपर्यंत.